प्रॉग रॉकवर गप्पा: भांडण न पेटवता मत कसं मांडायचं

प्रॉग रॉक म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक आणि गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत. त्याच्या चाहत्यांचा कुठलाही ग्रुप घ्या, तिथे तीन वाद कायम तापलेले असतात. गायक पीटर गॅब्रिएल बँड सोडून गेला तेव्हाच जेनेसिस संपला का? ड्रीम थिएटर म्हणजे संगीत की बोटांची कसरत? आणि पिंक फ्लॉइडला मुळात प्रॉग म्हणायचं का? घराण्यांवरून हमरीतुमरीवर येणारे रसिक ज्यांनी पाहिलेत, त्यांना यात नवं काही वाटणार नाही. पण प्रॉगमध्ये एक जादा अडचण आहे. एकाच नावाखाली तीन-तीन वेगळे बँड होऊन गेलेत, एकाच अल्बमच्या कितीतरी आवृत्त्या फिरतायत, आणि एकेक रचना वीस मिनिटांची असल्यामुळे दोघांनी ‘तेच’ ऐकलं तरी दोघांच्या लक्षात राहिलेला भाग वेगळा असतो. म्हणून इथे शिष्टाचाराचा मोठा हिस्सा नेमकेपणाचा आहे. आपण कशाबद्दल बोलतोय हे पहिल्याच ओळीत सांगितलं की निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत. उरलेल्यांसाठी थोडा संयम लागतो, त्याचंही बघू.

१. आधी ग्रुपचं कुलदैवत ओळखा

नावात नुसतं ‘प्रॉग’ असलं तरी प्रत्येक ग्रुपचं कुलदैवत ठरलेलं असतं. काही ठिकाणी साधारण १९६९ ते १९७७ मधलं ब्रिटिश प्रॉग म्हणजेच सगळं काही. येस, जेनेसिस, किंग क्रिम्सन, जेथ्रो टल, इमर्सन लेक अँड पामर यांच्या पुढे गाडी सरकत नाही. काही ठिकाणी प्रॉग म्हणजे प्रॉग मेटल: ड्रीम थिएटर, ओपेथ, टूल. कुठे सॉफ्ट मशीन आणि कॅरॅव्हानच्या कँटरबरी परंपरेतली मंडळी, कुठे पीएफएम आणि बान्को ऐकणारे इटालियन प्रॉगचे वेडे. आणि कुठे मॅग्मा या फ्रेंच बँडचे भक्त. त्याच्या ड्रमरने, ख्रिस्तियाँ व्हान्देरने, गाण्यांसाठी कोबायन नावाची आख्खी भाषाच रचली. तिथे जाऊन ‘शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार करू नका.

आठवडाभर नुसतं वाचा. वर पिन केलेले नियम वाचा. लिंक, विक्री, जुन्या रेकॉर्डिंगची देवाणघेवाण यांबद्दल प्रत्येक ठिकाणी वेगळं धोरण असतं. मग सर्च वापरा. तुमचा प्रश्न तिथे आधी विचारला गेला असण्याची शक्यता दाट आहे.

एक प्रश्न मात्र टाकूच नका: ‘सर्वोत्तम प्रॉग अल्बम कोणता?’ त्याला तीच दहा नावं येतात आणि खाली तीच मारामारी. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘पिंक फ्लॉइडच्या “विश यू वेअर हिअर”मधला संथपणा मला आवडतो. असंच सावकाश उलगडणारं, कीबोर्ड भरपूर असलेलं काहीतरी सुचवा.’ आता लोकांना विचार करायला जागा मिळाली. कोणी कॅमलचं ‘मूनमॅडनेस’ सुचवेल, कोणी टँजरिन ड्रीमकडे पाठवेल, आणि दोघं एकमेकांच्या सुचवणीवर भांडणारही नाहीत.

२. कोणत्या काळातला बँड, ते सांगा

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

जेनेसिसचंच घ्या. वाद नेहमी ‘गॅब्रिएल विरुद्ध कॉलिन्स’ असा मांडला जातो. गॅब्रिएल १९७५ मध्ये बाहेर पडला हे खरं. पण फिल कॉलिन्स तोवर चांगली पाच वर्षं बँडचा ड्रमर होता. ज्या ‘गॅब्रिएल काळा’ची आरती ओवाळली जाते, त्यातल्या बहुतेक अल्बमवर ताल त्याचाच आहे. पुढे १९७६ मध्ये त्याने मुख्य गायक म्हणून केलेले ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ आणि ‘विंड अँड वदरिंग’ हे दोन्ही अल्बम पक्के प्रॉग आहेत. गिटारवर स्टीव्ह हॅकेट होता, तो १९७७ मध्ये बँड सोडून गेला. आणि ज्या १९८६ च्या ‘इन्व्हिजिबल टच’ला लोक पॉप म्हणून नाक मुरडतात, त्यात ‘डॉमिनो’ ही दहा मिनिटांहून मोठी रचना आहे. आता सांगा, ‘कॉलिन्सने वाट लावली’ हे वाक्य नेमकं कोणत्या वर्षाबद्दल आहे? लिहिणाऱ्याला बहुधा ऐंशीच्या दशकातली रेडिओवर गाजलेली गाणी आवडत नाहीत, एवढंच म्हणायचं असतं. तेवढंच लिहिलं असतं तर कोणी आक्षेपही घेतला नसता.

किंग क्रिम्सनच्या बाबतीत तर वर्ष न सांगता बोलणं निरर्थकच. १९६९ चा मेलोट्रॉनवाला (म्हणजे टेपवरचे वाद्यांचे आवाज वाजवणाऱ्या कीबोर्डचा) क्रिम्सन, १९७३-७४ चा वाद्यांनी ओरबाडणारा क्रिम्सन, १९८१ नंतरचा एड्रियन बेल्यू आणि टोनी लेव्हिनचा क्रिम्सन, आणि २०१४ ते २०२१ मध्ये रंगमंचावर पुढच्या रांगेत तीन ड्रमर बसवणारा क्रिम्सन. या सगळ्यांत समान माणूस एकच, गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. येसची गंमत निराळी: २०१७ च्या सुमारास ‘येस’ आणि ‘येस फीचरिंग अँडरसन, रेबिन, वेकमन’ असे दोन बँड एकाच वेळी दौऱ्यावर होते. ‘परवा येसचा कार्यक्रम बघितला’ म्हणणाऱ्याला ‘कोणता येस?’ विचारणं तेव्हा खवचटपणाचं नव्हतं. मॅरिलियनमधून १९८८ मध्ये गायक फिश बाहेर पडला आणि १९८९ मध्ये स्टीव्ह हॉगार्थ आला. हॉगार्थ तिथे फिशच्या कित्येक पट जास्त वर्षं गातोय, तरी ‘नवा गायक’ म्हणणारे आजही सापडतात. त्यांच्याशी वाद घालू नका, वय बघा आणि सोडून द्या.

प्रत्यक्षात फरक किती पडतो ते बघा. एक पोस्ट अशी:

‘क्रिम्सन जाम बोअर आहे. लोक उगाच डोक्यावर घेतात.’

यावर काय येणार? शिव्या, नाहीतर ‘तुझ्या कुवतीबाहेरचं आहे’. आता तीच नावड अशी:

‘“डिसिप्लिन”चा क्रिम्सन, म्हणजे १९८१ चा, मला अजून पचत नाही. दोन गिटार एकमेकींत अडकून फिरत राहतात आणि मी त्यात गाणं शोधत बसतो. १९७४ चा “रेड” मात्र पहिल्याच ऐकण्यात भिनला. “डिसिप्लिन”मध्ये सुरुवात कुठून करू?’

नापसंती कुठेही लपवलेली नाही. पण आता उत्तर देणाऱ्याच्या हातात काहीतरी पकडायला आहे. त्या दोन गिटार थोड्या वेगळ्या लांबीचे आकृतिबंध वाजवत एकमेकींपासून सरकतात आणि पुन्हा जुळतात, हे कोणीतरी समजावून सांगेल. एखादा तर मिनिट-सेकंदासकट सांगेल. प्रॉगवाले याच कामासाठी जन्मलेले असतात.

३. आवृत्ती सांगा, पण शेखी मिरवू नका

‘या अल्बमचा आवाज पातळ आहे’ असं लिहिण्याआधी तुम्ही कोणती आवृत्ती ऐकताय ते बघा. रीमास्टर आणि रीमिक्स यांची गल्लत इथे सर्रास होते. रीमास्टरमध्ये जुनं तयार मिश्रणच घेऊन त्याची पातळी आणि पोत सुधारतात. रीमिक्समध्ये मूळ मल्टीट्रॅक टेपवर जाऊन बास, ड्रम, गाणं वेगवेगळं उचलून नव्याने मांडतात. पॉर्क्युपाइन ट्रीच्या स्टीव्हन विल्सनने किंग क्रिम्सन, येस, जेथ्रो टल, जेंटल जायंट यांचे अल्बम असे रीमिक्स केलेत. जेनेसिसचे रीमिक्स निक डेव्हिसने केले. त्यामुळे येसच्या ‘क्लोज टू द एज’बद्दल बोलणारे दोघं दोन वेगळ्या मिश्रणांबद्दल बोलत असू शकतात. एकाला ऐकू येणारा कोरस दुसऱ्याला दबलेला वाटतो आणि दोघंही खरं बोलत असतात.

एका ओळीत सांगून टाका: ‘विल्सनचं मिश्रण, हेडफोनवर’. बास्स. समोरचा फोनच्या स्पीकरवर ऐकत असेल तर त्याला मोठ्या स्टिरिओचे फोटो पाठवू नका. ज्यांनी मुंबईच्या ऱ्हिदम हाऊसमधून पैसे साठवून एकेक रेकॉर्ड घेतली (ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं), त्यांच्या आठवणी ऐकायला मजा येते. पण ‘तुम्हाला आता सगळं फुकट मिळतं’ हे वाक्य तिसऱ्यांदा आलं की तरुण पोरं ग्रुप म्यूट करतात. त्यात त्यांचं काय चुकलं?

४. लांब रचनेवर तातडीने निकाल देऊ नका

नवा अल्बम मध्यरात्री येतो आणि बारा वाजून पंधरा मिनिटांनी ‘निराशाजनक’ असा शेरा पडलेला असतो. जेथ्रो टलची ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ ही एकच रचना चाळीसेक मिनिटांची, रेकॉर्डच्या दोन बाजूंत विभागलेली. रशच्या ‘२११२’चा शीर्षकभाग वीस मिनिटांच्या वर. जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ तेवीसच्या आसपास. अशा संगीतात विसाव्या मिनिटाला पहिल्या मिनिटातली धून परत येते, आणि ती परत आलीय हे पहिल्या ऐकण्यात अनेकदा कळतसुद्धा नाही.

मत देऊच नका असं नाही. ‘पहिलं ऐकणं’ एवढे दोन शब्द वर घाला, म्हणजे उद्या मत बदलायला तुम्ही मोकळे. नव्या अल्बमची चर्चा एकाच धाग्यात ठेवा. दौरा चालू असेल तर कार्यक्रमात कोणती गाणी वाजली याची यादी सरळ उघडी टाकू नका, आधी सूचना द्या. पुढच्या आठवड्यात जाणाऱ्याला पहिल्या सुरावर दचकायचं असतं.

५. ‘हे प्रॉगच नाही’ हा मुद्दा कसा हाताळायचा

टाळता आला तर टाळा. नाही टाळता आला तर व्याख्या तुमची आहे हे कबूल करून बोला. प्रॉग म्हणजे सत्तरच्या दशकातली विशिष्ट शैली, असं मानणाऱ्याला मेलोट्रॉन, लांब रचना, कल्पनारम्य गीतं हवी असतात. प्रॉग म्हणजे सतत पुढे जाणं, असं मानणाऱ्याला तेच तेच मेलोट्रॉन ऐकणं हाच मोठा गुन्हा वाटतो. येसचा १९८३ चा ‘९०१२५’ किंवा विल्सनचा २०२१ चा ‘द फ्यूचर बाइट्स’ यांच्यावरून झालेली सगळी वादावादी या दोन व्याख्यांचीच आहे, आणि ती अल्बम ऐकून मिटणारी नाही. मला स्वतःला दुसरी व्याख्या पटते, पण पहिलीवाल्यांशी गप्पा जास्त रंगतात, कारण त्यांनी तपशील पाठ केलेले असतात.

विनोद ओळखायलाही शिका. ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ हा मुळात त्या काळच्या अवाढव्य, गंभीर कन्सेप्ट अल्बमची (एकाच कल्पनेभोवती गुंफलेल्या अल्बमची) टिंगल म्हणून जेथ्रो टलच्या इयन अँडरसनने रचला. त्याच्या गीतांमधलं गूढ तत्त्वज्ञान उकलणारी भलीमोठी पोस्ट टाकण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

६. ताल मोजताना सांभाळून

हा आपल्याकडच्या लोकांचा खास मोह. तबल्याच्या दोन परीक्षा दिलेला माणूस पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ ऐकतो आणि लिहितो: ‘अरे, हा तर रूपक!’ सात मात्रा आहेत, हे बरोबर. पण रूपक तीन-दोन-दोन असा विभागला जातो आणि त्याची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर येते. ‘मनी’च्या बासमध्ये तसलं काही नाही, तिथला पहिला ठोका चांगला वजनदार आहे. शिवाय सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण गिटारचा एकल भाग सुरू झाला की गाणं सरळ चारात जातं आणि नंतर पुन्हा सातात येतं. म्हणजे ‘पूर्ण गाणं सातात आहे’ हेही चूक. लिहायचंच तर असं लिहा: ‘सात मात्रा, पण रूपकासारखी विभागणी नाही.’ परदेशी मंडळींनाही यातून काहीतरी नवं कळतं.

रशचं ‘वायवायझेड’ त्याहून मजेदार आहे. सुरुवातीचा ठोका म्हणजे टोरांटो विमानतळाचा कोड, मोर्समध्ये. लांब ठोका दोनाचा आणि आखूड एकाचा धरला तर वाय सात, दुसरा वाय सात, झेड सहा; एकूण वीस. कागदावर ते दहाचं चक्र म्हणून लिहितात. झपतालही दहाच मात्रांचा, पण दोन-तीन-दोन-तीन. टेबलावर बोटांनी वाजवून बघा, दोन्हींचं काही जमत नाही.

आणि कोणी ताल चुकीचा मोजला तर बरोबर आकडा द्या, कुठून मोजायला सुरुवात करायची ते सांगा, आणि थांबा. हसणारा इमोजी लावू नका. गाणं आवडायला ताल मोजता येणं गरजेचं नाही, हे तर कायमच लक्षात असू द्या.

७. नव्या माणसाची तोंडी परीक्षा घेऊ नका

‘चाहती आहेस? मग तीन अल्बम सांग.’ हा प्रश्न बायकांना जितका विचारला जातो तितका पुरुषांना विचारला जात नाही. प्रॉगच्या मैफलीत आणि ग्रुपांत बाया कमी दिसतात, याचं एक कारण हेच आहे असं माझं मत आहे. कोणी ‘परवाच “द डार्क साइड ऑफ द मून” ऐकला’ असं लिहिलं तर १९७३ पासून सगळ्या जगाला माहीत असलेला अल्बम म्हणून त्याला उडवून लावू नका. त्या माणसाला तो परवा पहिल्यांदा मिळालाय. ‘आता काय ऐकणार?’ विचारा.

मराठी ग्रुपांत अजून एक पेच असतो: अरे-तुरे की अहो-जाहो? अनोळखी असेल तर ‘तुम्ही’नेच सुरुवात करा. पलीकडे बासष्ट वर्षांचे काका असू शकतात, ज्यांनी मुंबईच्या रंगभवनात रॉक ऐकलंय, आणि त्यांना ‘ब्रो’ म्हटलेलं आवडेलच असं नाही. अहो-जाहो करत भांडलं की भांडणही जरा मवाळ होतं, हा आणखी एक फायदा.

८. कलाकार वाचत असतात

प्रॉगचं जग लहान आहे. वादक स्वतः प्रतिक्रिया वाचतात, कधी उत्तरही देतात. चाहत्यांनी याचं सोनंही केलंय: १९९७ मध्ये मॅरिलियनला अमेरिका दौरा परवडत नव्हता, तेव्हा तिथल्या चाहत्यांनी इंटरनेटवरून आपणहून सुमारे ६०,००० डॉलर जमवले. त्यातून धडा घेऊन बँडने २००१ चा ‘अनोरॅकनोफोबिया’ रेकॉर्ड व्हायच्या आधीच विकला. बारा हजारांहून जास्त लोकांनी न ऐकलेल्या अल्बमचे पैसे भरले.

दुसरी बाजू इमर्सन लेक अँड पामरच्या कीबोर्डवादकाची, कीथ इमर्सनची. उजव्या हाताच्या मज्जातंतूंच्या दुखण्याने त्याला पूर्वीसारखं वाजवता येत नव्हतं. जपानचे कार्यक्रम तोंडावर असताना, मार्च २०१६ मध्ये, त्याने आयुष्य संपवलं. त्याच्या वादनाबद्दल ऑनलाइन येणारे बोचरे शेरे तो वाचायचा आणि मनाला लावून घ्यायचा, असं त्याच्या जोडीदार स्त्रीने नंतर सांगितलं. अशा मृत्यूचं खापर एकाच कारणावर फोडता येत नाही. पण ‘आता याने थांबावं’ असं लिहिताना ते तोच माणूस वाचेल असं धरून चालावं.

म्हणून टीका वादनावर करा, शरीरावर नको. जेनेसिसच्या २०२१-२२ च्या शेवटच्या दौऱ्यात कॉलिन्स खुर्चीत बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. ‘स्वर खाली उतरवलेत, त्याने गाण्याचा रंग बदलला’ ही टीका झाली. त्याच्या काठीवरचे विनोद ही टीका नव्हे. आजारपणाच्या अफवा तर पसरवूच नका. रशचा ड्रमर नील पर्टने तीन वर्षांहून अधिक काळ आपला कर्करोग जगापासून लपवला; ७ जानेवारी २०२० ला तो गेला, आणि घरच्यांनी ते तीन दिवसांनी जाहीर केलं. ज्यांना माहीत होतं ते गप्प राहिले. आणि कोणी गेल्याच्या दिवशी ‘त्याचे टॉप टेन, माझ्या मते’ नको. आठवडाभराने चालेल.

९. लिंक, चोरीची रेकॉर्डिंग, फोन

अधिकृत नसलेल्या मैफलींच्या रेकॉर्डिंगची चर्चा करा, लिंक मात्र नियम बघूनच. फ्रिपची डीजीएम ही कंपनी क्रिम्सनच्या जुन्या मैफली स्वतःच विकते, त्यामुळे तिथे तर चोरीची गरजच उरत नाही. प्रकाशनाआधी फुटलेला अल्बम ऐकला असेल तर निदान त्यावर जाहीर परीक्षण लिहू नका.

मैफलीतल्या फोनबद्दल: क्रिम्सनच्या शेवटच्या दौऱ्यांमध्ये पाटी असायची की बासवादक टोनी लेव्हिन स्वतःचा कॅमेरा बाहेर काढत नाही तोवर कोणीही फोटो काढायचे नाहीत. शेवटी तो कॅमेरा काढायचा आणि मग सगळं सभागृह फोन उंचवायचं. अशा मैफलीचे मधलेच चोरटे व्हिडिओ ग्रुपवर टाकलेत तर शाबासकीची अपेक्षा ठेवू नका.

१०. भारतीय म्हणून विचारलं जाईल, तेव्हा

आंतरराष्ट्रीय ग्रुपात येसच्या १९७३ च्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’चा विषय निघाला की मान तुमच्याकडे वळते. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून येसचा गायक जॉन अँडरसनला त्याची कल्पना सुचली. श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं अशा चार बाजू, चार रचना. हे सांगा. पण ‘आमच्या शास्त्रांवरचा अल्बम’ म्हणून छाती फुगवू नका आणि ‘अपमान केला’ म्हणून चिडूही नका. तळटीप म्हणजे तळटीप. त्यावर ऐंशी मिनिटं संगीत करणं जरा जास्तच झालं, असं बँडचा कीबोर्डवादक रिक वेकमनलाही वाटायचं. पुढच्याच वर्षी तो बँड सोडून गेला.

आपल्याकडचं काही सुचवायचं असेल तर मुंबईच्या कोशिशचा २०१३ चा हिंदी कन्सेप्ट अल्बम ‘फिरदौस’ आहे, कर्नाटक संगीत घेऊन येणारा बंगळुरूचा अगम आहे, स्कायहार्बर आहे. ‘भारतातही प्रॉग आहे!’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. एक गाणं निवडा आणि त्यात काय ऐकायचं ते दोन ओळींत सांगा. डिसेंबर २००९ मध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवात पॉर्क्युपाइन ट्री वाजून गेला, तेव्हा तिथे असलेला कोणीतरी ग्रुपात नक्की निघतो. त्याला बोलू द्या, तो बराच वेळ बोलेल.

११. स्वतःचं संगीत टाकायचं असेल तर

आधी काही महिने दुसऱ्यांच्या पोस्टवर लिहा. आल्या आल्या स्वतःची लिंक टाकून पसार होणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. लिंकसोबत रचनेची लांबी, वाद्यं, कोणी काय वाजवलंय ते लिहा, आणि ‘येस आणि टूल यांचा संगम’ असली जाहिरात टाळा. ऐकणारा त्या दोघांशी तुलना करून तुम्हाला लगेच नापास करेल. अडलेल्या ठिकाणाबद्दल थेट विचारा: ‘अकराव्या मिनिटाला सातातून पाचात जाताना सांधा दिसतो का?’ असा प्रश्न असला की लोक खरोखर हेडफोन लावतात. रचना बावीस मिनिटांची असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी ‘ऐकलं का?’ म्हणून टॅग करू नका. शनिवार-रविवार जाऊ द्या.